एक नाव, अनेक मासे

बेंगळूरु शहराला समुद्रकिनारा नाही. पश्चिमेचे मंगळूरु आणि पूर्वेचे चेन्नई ही दोन्ही बंदरे तेथून सुमारे ३५० किलोमीटर दूर आहेत. तरीही शिवाजीनगर भागातील रसेल मार्केटमध्ये बर्फात घालून आणलेली सागरी मासळी विकली जाते. चपट्या, रुपेरी अशा एकाच माशाला तेथे कन्नड भाषक 'मांजी' म्हणतो, तमिळ भाषक 'वव्वाल' म्हणतो, मल्याळम भाषक 'आवोली' म्हणतो आणि मराठी माणूस 'पापलेट' म्हणून मागतो. एका माशाला चार नावे असली, तरी बोट दाखवले की व्यवहार पुरा होतो. खरी अडचण निराळीच आहे. ती म्हणजे एकाच नावाखाली दडलेले अनेक मासे.

इंग्रजीत 'पॉम्फ्रेट' म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांपैकी तीन आपल्याला विशेष परिचित आहेत. पहिले रुपेरी पापलेट. कोकणात त्याला सरंगा असेही म्हणतात. दुसरे काप्री. तिसरा हलवा, म्हणजे काळे पापलेट. पापलेट आणि काप्री हे एकाच प्रजातीचे, म्हणजे जणू सख्खे भाऊ. हलवा मात्र त्यांच्या कुळातला नाहीच. शरीराचा चपटा, उभट आकार सारखा असल्यामुळे त्याला पापलेटांच्या पंगतीत बसवले गेले आहे.

मग हे तिघे ओळखावेत कसे? सर्वसाधारण ग्राहक प्रथम रंग पाहतो. परंतु रंगावर विसंबणे योग्य नाही. पापलेटाचे खवले अतिशय बारीक असतात आणि हाताळताना सहज निघून जातात. त्यामुळे त्याची मूळची चकाकी लवकरच मंदावते. म्हणून अभ्यासक रंगापेक्षा रचनेकडे अधिक लक्ष देतात.

पापलेटाच्या पाठीवरचे आणि पोटाकडचे पर कोयत्याप्रमाणे वाकलेले असतात. त्याची शेपटी खोलवर दुभंगलेली असून तिची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा लांब असते. काप्रीचे पर असे कोयत्यासारखे नसतात. त्याची शेपटी थोडीशीच दुभंगलेली असते व तिच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतात. हलव्याची खूण तर डोळे मिटूनही सापडते. शेपटीच्या बुंध्याशी त्याच्या अंगावर कडक खवल्यांची एक रांग असते. तेथे अलगद बोट फिरवले की ती खरखरीत लागते. पापलेटाच्या अंगावर अशी रांग नसते.

येथपर्यंत डोळे आणि बोटे पुरेशी आहेत. परंतु काही जाती इतक्या सारख्या असतात, की अनुभवी मच्छीमारही त्या वेगळ्या करू शकत नाही. आपल्या रुपेरी पापलेटाचीच गोष्ट पाहा. १७८८ मध्ये युफ्रासेन या शास्त्रज्ञाने या गटातील एका माशाला जे नाव दिले, ते आज 'पॅम्पस अर्जेंटियस' म्हणून ओळखले जाते. 'अर्जेंटियस' म्हणजे रुपेरी. पुढे १८२९ मध्ये क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 'कँडिडस', म्हणजे शुभ्र, हे नाव दिले. ही दोन्ही नावे एकाच माशाची आहेत, असे समजून दुसरे नाव बाजूला पडले आणि भारतीय पापलेटही 'अर्जेंटियस' म्हणूनच नोंदले जाऊ लागले. २०१९ मध्ये भारतीय संशोधकांनी शरीराची मोजमापे आणि डीएनए यांची तुलना करून दाखवले, की हिंदी महासागराच्या उत्तर भागातील पापलेट ही वेगळी जात आहे. जवळजवळ दोन शतकांपूर्वीचे 'पॅम्पस कँडिडस' हे नाव अशा रीतीने पुन्हा प्रचारात आले.

नाव बदलले म्हणून चव बदलते का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. चव बदलत नाही. परंतु हिशोब बदलतो. मासा किती लांबीचा झाला म्हणजे प्रथम अंडी घालतो, कोणत्या महिन्यांत घालतो, हे प्रत्येक जातीचे वेगळे असू शकते. चीनजवळच्या समुद्रातील माशाची माहिती आपल्या माशाला लावली, तर कोवळी पिल्ले जाळ्यात जाण्याचा धोका असतो. दोन जातींची नोंद एकाच रकान्यात झाली, तर त्यांपैकी एक घटत असल्याचे वेळीच कळत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्य मासा म्हणून घोषित केले. पालघर जिल्ह्यातील सातपाटीसारख्या गावांतील अनेक कुटुंबांचा संसार या माशावर अवलंबून आहे. पिल्ले मोठी होऊन अंडी घालण्यापूर्वीच पकडली गेली, तर पुढच्या वर्षीचे जाळे रिकामे राहते. असे होऊ नये म्हणून नियम करावे लागतात. आणि नियम कोणत्या माशासाठी आहे, हे आधी निश्चित ठाऊक असावे लागते.

पुढच्या वेळी मासळी बाजारात जाल तेव्हा नाव विचाराच. पण त्याबरोबर पर पाहा, शेपटी पाहा आणि तिच्या बुंध्यावरून एकदा बोट फिरवून पाहा.