धर्मयुद्धाची झळ कोकण किनाऱ्यापर्यंत

काशीला जाणारे मराठी यात्रेकरू दशाश्वमेध आणि मणिकर्णिका हे घाट हमखास पाहतात. नारद घाटाला लागून असलेल्या राजा घाटाच्या पायऱ्यांवर मात्र फारसे कोणी थांबत नाही. हा घाट दगडात बांधून काढला तो अमृतराव पेशव्यांनी. रघुनाथरावांचे हे दत्तक पुत्र पुण्याचे राजकारण सोडून उत्तरेत आले आणि १८२४ साली काशीतच वारले.

पेशव्यांच्या घरातला हा माणूस काशीला का आला? उत्तर सापडते वसईत. यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले आणि कारभारासाठी अमृतरावांना पुढे केले. पळून गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह केला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्याला पुन्हा गादीवर बसवले. अमृतरावांनी वर्षाला सात लाख रुपयांची नेमणूक स्वीकारली आणि पुणे सोडले.

पण याच घराण्यात ६३ वर्षांपूर्वी वसईचे नाव अभिमानाने घेतले जात होते. १७३९ मध्ये वसई जिंकणारे चिमाजी अप्पा हे रघुनाथरावांचे चुलते, म्हणजे अमृतरावांचे चुलत आजोबा. त्यांनी हरवलेला शत्रू साधा नव्हता. युरोपात पेटलेल्या धर्मयुद्धांची धग तो आपल्याबरोबर घेऊन आला होता.

एकच देव, दोन छावण्या

१५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने पोपच्या कारभाराविरुद्ध आवाज उठवला आणि ख्रिस्ती युरोप दुभंगला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले. २४ ऑगस्ट १५७२च्या पहाटे पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली व हजारोंचा बळी गेला. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने जर्मनीची राखरांगोळी केली. १६३१ मध्ये माग्देबुर्ग या एकाच शहरात सुमारे वीस हजार माणसे मेली.

झेंडा धर्माचा होता, पण हिशेब राज्याचा. फ्रान्सचा कारभार रिशेल्यू या कॅथलिक कार्डिनलच्या हाती होता. तरीही त्याने प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवला, कारण त्याला ऑस्ट्रियाच्या सम्राटाची ताकद मोडायची होती! अखेर १६४८ मध्ये वेस्टफालियाचा तह झाला. कोणताच पंथ जिंकला नाही. थकलेल्या राजांनी एकमेकांच्या उपासनेला जागा दिली, तेव्हा कुठे तोफा थंडावल्या.

कुलदैवतांचा प्रवास

पोर्तुगीज हे कट्टर कॅथलिक. गोवा त्यांनी १५१० मध्ये जिंकले, तर वसई १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून मिळवली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसले. हिंदूंच्या सणांवर व विधींवर बंदी आली. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबात जुनी चालरीत दिसली तरी चौकशी होई. त्या काळात अनेक घराण्यांनी देव उचलले आणि पोर्तुगीज हद्दीबाहेरचा फोंडा महाल गाठला. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आज आपण कुलदैवताच्या दर्शनाला जातो, ती ठिकाणे मुळात निर्वासितांची आहेत.

याच गोव्यात १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आला. त्याच्या मायदेशी प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि तेथे कॅथलिकांचा छळ चालला होता. स्टीफन्सने मराठी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले. स्वतःच्या देशात ज्याच्या पंथाला थारा नव्हता, त्याला येथे आसरा मिळाला, तो ज्या सत्तेमुळे इतरांना घरदार सोडावे लागत होते तिच्याच छायेत!

त्यापाठोपाठ प्रोटेस्टंट डच आले. पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्या राजाच्या ताब्यात होते आणि डच तर स्पेनविरुद्धच बंड करून उठले होते. मिरीच्या व्यापाराचा लोभही होताच. त्यांनी गोव्याची समुद्रमार्गे कोंडी केली, वेंगुर्ल्यात वखार घातली आणि १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोची घेतले. वेंगुर्ल्याच्या त्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत.

वसईचा वेढा

उत्तर कोकणातील रयतही पोर्तुगीज अंमलाला गांजली होती. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांकडे दाद मागितली. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. सुरुंग उडत होते, तटावरून आग ओतली जात होती, हजारो मराठे कामी आले.

पोर्तुगीजांनी शेजारच्या मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली. पण १७२० मध्ये याच इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना मुंबईबाहेर काढले होते. आता त्यांनी फक्त पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि तेही चर्चची चांदी व पितळी तोफा तारण ठेवून! धर्मबंधू म्हणवणाऱ्यांची ही तऱ्हा होती.

मे महिन्यात तट फुटला आणि किल्ला शरण आला. खरी कसोटी होती ती यानंतर. चिमाजी अप्पा सूड घेऊ शकले असते. त्यांनी पोर्तुगीज सैन्याला शस्त्रे, निशाण आणि वाद्यांसह मानाने बाहेर पडू दिले. घरच्यांना व चीजवस्तूंना नेण्यासाठी आठ दिवसांची मुदत दिली. ज्या ख्रिस्ती रयतेला राहायचे असेल तिला उपासनेची मोकळीक दिली आणि तीन चर्च त्यांच्याकडे ठेवण्याचे मान्य केले. गोव्याचे इन्क्विझिशन कायमचे बंद व्हायला मात्र १८१२ साल उजाडावे लागले.

याचा अर्थ सारे गोडच झाले असे नव्हे. बाकीची चर्च ओस पडली आणि ढासळली. विजयाची खूण म्हणून मोठमोठ्या घंटा घाटावर नेल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णाकाठच्या देवळात यांपैकी एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी स्पष्ट दिसते. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. या घंटा वितळवून तोफा ओतता आल्या असत्या, पण त्या देवापुढेच टांगल्या गेल्या.

कादंबरीत उरलेली माणसे

तहाच्या कागदावर सेनापतींची नावे असतात, सामान्य माणसांची नसतात. ती उणीव कथा-कादंबऱ्यांनी भरून काढली. तीस वर्षांच्या युद्धात लहानपणीच सैनिकांच्या हाती सापडलेल्या ग्रिमेल्सहाउझेनने १६६८ मध्ये ‘सिम्प्लिसिसिमस’ ही कादंबरी लिहिली. त्याच्याच एका स्त्रीपात्रावरून बर्टोल्ट ब्रेख्टने १९३९ मध्ये ‘मदर करेज’ हे नाटक रचले. या नाटकातली आई युद्धात गाडीवर माल विकून पोट भरते आणि त्याच युद्धात तिची तिन्ही मुले जातात. आपल्याकडे महाबळेश्वर सैल यांच्या ‘तांडव’ या कादंबरीत सोळाव्या शतकातला गोवा आहे आणि धर्मांतराच्या वावटळीत तुटत जाणारी माणसे आहेत. देश वेगळे, पंथ वेगळे, पण चटका तोच.

वसईत १७३९ नंतर मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेचे पुढे काय झाले? ती तेथेच रुजली. केळीच्या बागा पिकवणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या आणि घरात मराठीच्याच बोली बोलणाऱ्या या समाजातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे आले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शरण आलेल्याला त्याच्या देवासह राहू द्यायचे, या एका कलमातून पुढे किती काही उगवू शकते, हे वसईची माती आजही सांगते.