अल्पकालीन व्हेगन आहार : वैद्याची भूमिका

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या मार्गावरील चितेगाव हे कारखान्यांमुळे विस्तारलेले गाव आहे. येथील आमच्या चिकित्सालयात पाळीवर जाणारे कामगार, भोवतालच्या शिवारातील शेतकरी आणि शहरात शिकणारी त्यांची मुले असा संमिश्र रुग्णवर्ग येतो. अलीकडे या वर्गातून, विशेषतः तरुणांकडून, एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "डॉक्टरसाहेब, महिनाभर दूध, दही, तूप सगळे बंद करून पाहू का?" कोणाला वजन कमी करावयाचे असते, कोणाला मुखदूषिका (तारुण्यपिटिका) सतावतात, तर कोणाच्या मनात जनावरांविषयी कणव असते.

क्षीर आणि घृत यांची थोरवी सांगणाऱ्या शास्त्राचे आम्ही अभ्यासक. त्यामुळे असा प्रश्न ऐकताच "हे खूळ सोडून द्या" असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तसे म्हटल्याने रुग्ण प्रयोग थांबवीत नाही. तो आपणास विचारणे मात्र थांबवितो. म्हणून या विषयाचा शास्त्रीय व व्यावहारिक विचार वैद्यबंधु-भगिनींपुढे मांडत आहोत.

संकल्पना

मांस, मासे, अंडी यांच्याबरोबरच दूध व दुग्धजन्य पदार्थ आणि मध हेही वर्ज्य मानणारा आहार म्हणजे व्हेगन आहार. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेगन सोसायटी स्थापन केली आणि हा शब्द रूढ झाला. २०१४ पासून ब्रिटनमध्ये जानेवारी महिनाभर असा आहार करून पाहण्याची मोहीम सुरू झाली व ती अनेक देशांत पसरली. भारतातही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली व्हेगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र विनियम केले. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा राहिलेला नाही.

परंपरेतील ठरावीक काळाचा त्याग

ठरावीक काळापुरते दूध किंवा दही सोडणे ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. चातुर्मासात काही परंपरांमध्ये चार व्रते क्रमाने पाळली जातात : पहिल्या महिन्यात पालेभाज्या, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल धान्ये वर्ज्य. यांतील दोन गोष्टी वैद्याने लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे त्यागाला निश्चित आरंभ आणि निश्चित शेवट आहे. दुसरी म्हणजे एका वेळी एकच वर्ग सोडला जातो. दही सोडलेल्या महिन्यात दूध चालते. दूध सोडलेल्या महिन्यात डाळी चालतात. शरीराचा एक आधार काढताना बाकीचे आधार कायम राहतात. आधुनिक व्हेगन प्रयोगात मात्र सर्व गोरस एकाच दिवशी बंद होतो.

महात्माजींचा अनुभव

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोगाचा निर्णायक प्रसंग महाराष्ट्रातच घडला. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. पुढे गायी-म्हशींकडून अधिक दूध काढण्यासाठी होणाऱ्या 'फुंका' या क्रूर प्रकाराची हकिगत कळल्यावर तो निश्चय व्रतासारखा दृढ झाला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना त्यांना प्रवाहिकेने गाठले आणि प्रकृती फार खालावली. विश्रांतीसाठी ते माथेरानला गेले. तेथील पाणी मानवले नाही, गुदविकार वाढला आणि आठवडाभरातच त्यांनी माथेरान सोडले. मुंबईत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली व दूध घेतल्याखेरीज शरीर भरून येणार नाही असे स्पष्ट सांगितले. व्रत गायी-म्हशींच्या दुधाचे असेल तर शेळीच्या दुधाला काय हरकत आहे, हा प्रश्न कस्तुरबांनी तेव्हा विचारला. १९१९च्या आरंभी गांधीजींनी अजादुग्ध सुरू केले. आपण व्रताचे अक्षर पाळले, आत्मा मात्र पाळला नाही, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे नोंदविली आहे. पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यविषयक पुस्तिका लिहितानाही, मन वनस्पत्याहाराच्या बाजूचे असले तरी अनुभवाने दूध आवश्यक वाटते, असाच निर्वाळा त्यांनी दिला.

त्यांचे १९१८ चे दुखणे दूध सोडल्यामुळे उद्भवले असे म्हणता येणार नाही. निरोगी असताना ज्या आहारावर निभावून जाते, त्याच आहारावर रोगातून उठणे अवघड जाते, एवढा बोध मात्र निःसंशय घेता येतो. आमच्या मते वैद्याच्या दृष्टीने हाच या कथेचा गाभा आहे.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी जीवनीय द्रव्यांमध्ये क्षीराला अग्रस्थान दिले आहे व गोदुग्धाचे गुण ओजाच्या गुणांशी समान सांगितले आहेत. त्याच ग्रंथात रात्री दही खाण्याचा निषेधही आहे. गोरस श्रेष्ठ आहे, पण तो सर्वांना, सर्व काळी, सर्व मात्रेत नव्हे. आमच्याकडे येणाऱ्या अनेकांचे 'दूध' म्हणजे दिवसाचे सात-आठ कप उकळलेला चहा, त्याबरोबर बिस्किटे आणि रात्रीच्या जेवणात दही. अशा व्यक्तीला गोरस बंद केल्यावर हलके वाटले, आध्मान कमी झाले, तर त्यात नवल नाही. चहातील साखर व बेकरीचे पदार्थ आपोआप सुटलेले असतात. शिवाय प्रौढपणी दुधातील शर्करा पचविण्याची शक्ती पुष्कळांत कमी झालेली असते. त्यांना तर दूध थांबताच आराम पडतो. हा लाभ खरा असला, तरी त्यावरून 'दूध हे विष आहे' असा सिद्धांत काढणे चुकीचे ठरते.

दुसरा मुद्दा सात्म्याचा. अभ्यासाने अंगवळणी पडलेली गोष्ट, मग ती अपथ्यकर का असेना, एकदम सोडू नये. चतुर्थांश भागाने, एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत सोडावी व तिच्या जागी दुसरी गोष्ट त्याच क्रमाने आणावी, असा पादांशिक क्रम चरकाने सांगितला आहे. वाग्भटाने तर चतुर्थांशाचाही चतुर्थांश सुचविला आहे. अपथ्याच्या त्यागालाही जर हा नियम, तर जन्मापासून सात्म्य असलेल्या गोरसाच्या त्यागाला तो अधिकच लागू होतो.

तिसरा मुद्दा ऋतूचा. जानेवारीचा काळ हा हेमंत-शिशिराचा. या ऋतूंत अग्नी बलवान असतो. स्निग्ध, गुरू आहार व गोरस यांचे सेवन शास्त्राने याच काळात सांगितले आहे. तेव्हाच स्नेह काढून घेतला तर वातप्रकोपास आमंत्रण मिळते. उलट वसंतात कफ विलयन पावत असल्याने गुरू, स्निग्ध, मधुर पदार्थ कमी करावयाचेच असतात. प्रयोग करावयाचाच असेल तर आपल्याकडे तो उन्हाळा तापण्यापूर्वी, वसंताच्या आरंभी करणे अधिक युक्त होय.

आमचा अनुभव आणि आमची चूक

रुग्णांना सांगण्यापूर्वी आम्ही स्वतः २१ दिवस हा आहार घेऊन पाहिला. पहिले आश्चर्य असे की ताटात फारसा बदल करावा लागला नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले, मेथी-अंबाडीच्या भाज्या, मटकीची उसळ, येसराची आमटी, जवसाची आणि कारळ्याची चटणी, वर करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल, हे मराठवाड्याचे जेवण बहुतांशी गोरसविरहितच आहे. अडचण झाली ती चहाची, ताकाची आणि वरणावरच्या तुपाची. दुसऱ्या आठवड्यात त्वचेची रूक्षता व मलावष्टंभ जाणवला. तीळ, ओले खोबरे व तेलाचे प्रमाण वाढविल्यावर तो कमी झाला. कोष्ठ एरवी हलका राहिला. आमचे मत अनुकूल झाले.

या अनुकूलतेतच आमच्या हातून चूक घडली. कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुण भगिनीस आम्ही नाडी, कोष्ठ व अग्नी पाहून २१ दिवसांची संमती दिली. तिला बरे वाटले म्हणून तिने प्रयोग आपणहून लांबविला. दोन महिन्यांनी ती आली तेव्हा पायांना मुंग्या येत होत्या, जीभ सोलवटल्यासारखी झाली होती आणि पाळी संपेपर्यंत उभे राहणे तिला कठीण झाले होते. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. रीतसर उपचारांनी ती सुधारली. परंतु विचारांती ध्यानात आले की ही उणीव दोन महिन्यांत निर्माण झालेली नव्हती. जन्मतः शाकाहारी, दूध केवळ चहापुरते, अशी तिची स्थिती आधीपासूनच होती. साठा मुळात रिताच होता. तो तपासून पाहण्याचे आम्हांस सुचले नाही.

बी-१२ विषयी

हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात आणि आपणास ते प्राणिज अन्नातून मिळते. १९४८ साली ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. निरोगी व्यक्तीच्या यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. म्हणून "महिनाभराने काही बिघडत नाही" असे पाश्चात्त्य लेखनात म्हटलेले आढळते. ते भरलेल्या कोठाराबद्दल खरे आहे. आपल्याकडे मात्र पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वाधिक होते. पुण्यातच तरुण शाकाहारी व्यक्तींवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित दूध घेतल्याने ही पातळी सुधारल्याचे दिसले. अनेक शाकाहारी कुटुंबांत दूध हाच या तत्त्वाचा एकमेव झरा असतो.

आणखी एक सावधगिरी. पालेभाज्या व डाळींतून फोलेट भरपूर मिळाल्यास पांडुत्व झाकले जाते, पण वातवहनाड्यांची हानी आतून चालूच राहते. म्हणून नेत्र व नखे लाल दिसतात एवढ्यावर निश्चिंत राहू नये. स्पिरुलिना व तत्सम शैवालांवरही या बाबतीत विसंबता येत नाही.

प्रयोगाची पद्धती

आज आम्ही पुढील क्रम पाळतो.

१) गर्भिणी, सूतिका, बालके, कृश व अतिवृद्ध, पांडुरोगी, क्षयातून किंवा शस्त्रक्रियेतून उठलेले रुग्ण यांना हा प्रयोग देत नाही. तान्ह्या बाळाला दुधाऐवजी घरी केलेले शेंगदाण्याचे किंवा नारळाचे 'दूध' देणे अत्यंत धोक्याचे आहे, हे प्रत्येक मातेस निक्षून सांगतो.

२) आरंभी हिमोग्लोबिन व बी-१२ तपासून घेतो. बी-१२ मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर प्रथम ती उणीव भरून काढावी, मग प्रयोगाचे बोलावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही उणीव अधिक संभवते.

३) प्रथम दही, मग चहातील दूध, शेवटी तूप, असे पादांशिक क्रमाने सोडवावे. कालमर्यादा २१ ते ३० दिवस आधीच ठरवावी.

४) तुपाच्या जागी तेल येते, पण दोहोंचे गुण एक नव्हेत. तीळतेल वात-कफहर पण उष्ण; पित्तप्रकृतीच्या माणसाला त्याने दाह होऊ शकतो. त्याला ओले खोबरे, भिजविलेल्या मनुका, कोहळा असे शीत पदार्थ द्यावेत.

५) भाकरीबरोबर रोज डाळ किंवा उसळ हवीच, ज्वारीतील प्रथिनांची उणीव द्विदलाने भरून निघते. प्रौढास दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम चुना लागतो. १०० ग्रॅम नाचणीत तो सुमारे ३५० मिलिग्रॅम असतो; तीळ, राजगिरा व शेवग्याचा पाला यांचीही जोड द्यावी.

६) समाप्तीही क्रमानेच. ३० दिवसांनंतर एकदम बासुंदी-श्रीखंडाचा बेत म्हणजे अग्नीवर आघात. पातळ ताकाने आरंभ करावा.

७) जो पुढे चालू ठेवू इच्छितो त्यास बी-१२ च्या गोळ्या नियमित घेण्यास सांगावे. हा विषय रुचीचा नसून आवश्यकतेचा आहे.

औषधांचा विचार

प्राण्यांविषयीच्या करुणेने जो दूध सोडतो, त्याच्या बाबतीत आपली औषधेही तपासावी लागतात. सर्व घृतकल्प, मधाचे अनुपान, तूप व मध असलेला च्यवनप्राश, शंख, कपर्दिका, प्रवाळ, मौक्तिक व मृगशृंग यांची भस्मे, लाक्षायुक्त कल्प, गोमूत्रात सिद्ध होणारा पुनर्नवा मंडूर, जिलेटिनच्या कॅप्सूल, हे सारे त्याच्या निश्चयात बसत नाही. अनेक आसवारिष्टांतही मध असतो. आपण न सांगता ते दिले आणि त्यास नंतर कळले, तर विश्वास तुटतो. आम्ही आधी सांगतो : उष्णोदक किंवा गुळाचे अनुपान, क्वाथ, चूर्ण व गुग्गुळकल्प यांनी होण्याजोगे काम तसेच करतो, आणि जेथे घृताला पर्याय नाही तेथे तसे स्पष्ट बोलून निर्णय त्याच्यावर सोपवितो.

उपसंहार

गोरसाच्या महतीची वचने उद्धृत करून या प्रयोगाचा अव्हेर करणे सोपे आहे. 'नैसर्गिक आहार' म्हणून त्याला मान डोलावणेही तितकेच सोपे. दोन्हींत रुग्णपरीक्षण राहून जाते. तीन आठवड्यांत वाटणारा हलकेपणा कोष्ठाची स्थिती सांगतो, धातूंची नव्हे. धातूंचा साठा आधी पाहावा, प्रवेश व निर्गम दोन्ही क्रमाने करवावेत, आणि रुग्णाच्या मनातील करुणेचा मान राखावा. त्या भगिनीने आज चहाऐवजी दिवसातून एकदा पेलाभर दूध घेण्याचे स्वीकारले आहे. दही तिने सोडले ते सोडलेच आणि तिला ते मानवले आहे. आमच्या व्यवसायबंधूंनी आपल्या चिकित्सालयातील असे अनुभव, विशेषतः फसलेले, या अंकांतून अवश्य मांडावेत, अशी नम्र विनंती आहे.