अवजारांची पेटी : डागडुजी करावी की नवी घ्यावी?

गव्हाच्या पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी निघतात आणि मागाहून कितीही पाणी पाजले तरी ती तूट भरून निघत नाही. नेमका याच आठवड्यात पंपाचा ग्लँड गळायला लागतो, नाहीतर फूटव्हॉल्व्ह पाणी सोडतो. ग्लँडचे काम तसे अर्ध्या तासाचे. दोरीचे दोन-तीन वेढे, मापाचा पाना आणि एक पक्कड हाताशी असली की भागते. पण पाना सापडत नाही. शेजाऱ्याकडे माणूस पळतो, तर शेजारी तालुक्याला गेलेला. तोवर लाईट जाते. पाळी हुकली ती हुकलीच.

पाना गेला कुठे? गावोगाव फिरताना याचे उत्तर पुष्कळदा एकच मिळते. पेटीचे बूड कुजलेले असते. त्यातून लहानसहान वस्तू बांधावर, गाडीत, कधी थेट विहिरीत पडतात. मग उरलेली अवजारे युरियाच्या रिकाम्या गोणीत जातात. गोणीत गेलेल्या पान्याला पाय फुटतात, हे आपण सगळेच जाणतो. एका शेतकऱ्याने हे फार नेमके सांगितले : ‘‘सायेब, पेटी जुनी झाली म्हणून कुणाचं अडत न्हाई. पर पेटी गेली की वर्साच्या आत पानं जात्यात.’’

तेव्हा शेतकरी बंधूंनो, आज पेटीविषयीच बोलू. विषय किरकोळ वाटेल. पण एका पेटीत पाने, पक्कड, पाइप पाना, हातोडी, छिन्नी, कानस, करवत असा पुष्कळ पैशांचा माल असतो. तो सांभाळायला पत्र्याचे बूड धड हवे.

अवजारे एका जागी ठेवायची रीत आपल्याला नवी नाही. गावच्या न्हाव्याची धोकटी आठवा. वस्तरा, कात्री, कंगवा, आरसा, ज्याची त्याची जागा ठरलेली. मागितलेली वस्तू न बघता हाती येणार. शेतकऱ्याच्या पेटीलाही हीच शिस्त हवी, कारण पंपाचे काम बऱ्याच वेळा रात्रीच्या पाळीला, बॅटरीच्या उजेडात करावे लागते.

पेटी का कुजते?

पेटी पावसाने कुजते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. झाकणावर पडलेला पाऊस वाळून जातो. कुजते ते बूड, आणि ते खालच्या ओलीने. मोटारीच्या खोलीत पेटी ओल्या कोब्यावर किंवा मातीवर टेकलेली असते. बुडाखाली हवा खेळत नाही, ओल सुटत नाही. आतून ओली ग्लँड दोरी, चिखलाचा पाना, ओले फडके पडलेले असते. दोन्हीकडून पत्रा खाल्ला जातो.

दुसरे कारण शेजाराचे. मोटारीच्या खोलीतच खताची पोती असतात. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशचे क्लोराईड. ओल धरल्यावर त्याचे पाणी लोखंडाला मिठाच्या पाण्यासारखेच खाते. बॅटरीचे अ‍ॅसिड तर बोलायलाच नको.

तासगाव-मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदारांना तिसरे कारण लगेच पटेल. बोर्डो मिश्रण नीट झाले की नाही हे पाहायला आपण त्यात लोखंडी विळा किंवा सळई बुडवतो. तिच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, चुना कमी पडला, असे समजतो. तो थर तांब्याचा असतो आणि तेवढे लोखंड विरघळून गेलेले असते. जे विळ्याचे होते तेच पेटीचे होते. मोरचुदाची फुटकी पुडी पेटीशेजारी पडली आणि तिला ओल लागली की आधी पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा जातो, मग लोखंड. म्हणून बोर्डो लोखंडी भांड्यात करत नाहीत, आणि म्हणूनच मोरचूद पेटीजवळ ठेवायचे नाही.

आधी तपासणी

पेटी पूर्ण रिकामी करून सगळा माल गोणपाटावर काढा. बूड वर करून पेटी उन्हात ठेवा. मग टोकदार टोचा घेऊन बुडावर दोन-दोन बोटांच्या अंतराने दाबत जा. नुसता गंज निघाला आणि खाली पत्रा टणक लागला तर पेटी चांगली आहे, घासून रंगवली की झाले. टोचा आरपार गेला पण फक्त बुडातून, तर नवे बूड घालून पेटी आणखी बरीच वर्षे चालेल. चारही बाजूंच्या दुमडपट्ट्या, म्हणजे पत्रा जिथे मुडपून एकमेकांत अडकवला आहे त्या जागा, दोन-तीन ठिकाणी सुटल्या असतील तर मात्र जीव गुंतवू नका. अशा पेटीला ठिगळ धरायला धड पत्राच उरत नाही.

मूठ आणि बिजागरी बघून पेटी मोडीत काढू नये. लोक नेमके उलटे करतात. मूठ तुटली म्हणून पेटी अडगळीत टाकतात आणि बूड कुजलेली पेटी मूठ शाबूत म्हणून वापरत राहतात. मूठ-बिजागरी बदलणे सोपे, दुमडपट्टी बदलणे अवघड, एवढे ध्यानात ठेवावे.

खर्चाचा अंदाजही घ्यावा. पत्रा, मजुरी आणि रंग मिळून नव्या पेटीच्या निम्म्यावर खर्च जात असेल, तर नवीच घेतलेली बरी.

डागडुजी कशी करावी?

पहिले काम गंज काढणे. तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने घासा. जुन्या पेटीवर शेंदरी रंगाचा हात असेल तर जपून. पूर्वीच्या अशा रंगात शिसे असायचे. घरगुती रंगांतल्या शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आली, पण जुन्या पेटीवर जुनाच रंग आहे. तो कोरडा घासून धूळ उडवू नका. पाणी मारून ओला घासा, लेकरांना लांब ठेवा, निघालेला चोथा कागदात गोळा करा आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला बसू नका.

गंज निघाल्यावर तेल-ग्रीसचा अंश साबण-सोड्याच्या पाण्याने धुवून पेटी कडक उन्हात वाळवा. तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही, दोन महिन्यांत पोपडे निघतात.

नव्या बुडासाठी २२ गेजचा पांढरा पत्रा चांगला. तो बुडाच्या मापाचाच कापू नका. चारही बाजूंनी एकेक इंच जास्त ठेवा आणि ताटासारखा काठ उभा मुडपा. हे ताट पेटीच्या आतून बसवावे. बाहेरून लावलेल्या ठिगळावर सगळा भार रिबिटांवर येतो आणि ते लोंबायला लागते. आतून बसवले की भार जुन्या बुडावर आणि काठावर वाटला जातो.

बसवण्यापूर्वी जुन्या बुडाच्या आतल्या अंगाला आणि नव्या पत्र्याच्या खालच्या अंगाला प्रायमरचा हात द्यायला विसरू नका. एकदा बसल्यावर तिथे ब्रश पोचत नाही आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. रिबिट लोखंडी वापरावेत, दीड-दोन इंचांवर एक. ताटाच्या काठाची फट एम-सीलने बुजवावी. दोन विरुद्ध कोपऱ्यांत बोरूच्या टोकाएवढी भोके आरपार पाडावीत. आत पाणी गेलेच तर बाहेर पडायला वाट हवी.

काही जण वेल्डिंगचा आग्रह धरतात. पातळ पत्रा वेल्डिंगने जळून आणखी भोके पडतात. शिवाय पांढऱ्या पत्र्यावर वेल्डिंग केले की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. करायचेच झाले तर जोडाच्या जागचे जस्त घासून काढा आणि काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून करा. रिबिटाचे काम गावचा लोहार किंवा पत्राकाम करणारा कारागीर तासा-दोन तासांत करून देतो. लोहार, सुतार, चांभार यांच्यासह १८ व्यवसायांच्या कारागिरांसाठी केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत पात्र कारागिराला अवजार संचासाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आहे. तुमची पेटी सांधणाऱ्या कारागिराच्या कानावर हे जरूर घाला.

बिजागरीची खीळ झिजली असेल तर सायकलच्या चाकाची जुनी तार तिच्या जागी ओवून दोन्ही टोके वळवा. मुठीसाठी १० मिलिमीटरची सळई वाकवून घ्या. तिच्यावर ठिबकची १६ मिलिमीटरची जुनी नळी गरम पाण्यात मऊ करून चढवली की हाताला रुतत नाही. मूठ जिथे झाकणाला जोडली जाते तिथे आतून पत्र्याची जाड पट्टी द्यावी. मूठ सळईने तुटत नाही, ती पत्रा फाडून निघते, आणि भरलेली पेटी पायावर पडते.

शेवटी रंग. रेड ऑक्साईड प्रायमरचा एक हात, तो पुरा वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात देऊ नये. रंगासाठी उजळ पिवळा किंवा पांढरा निवडावा, अंधारात पेटी दिसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : बुडाला पाय द्या. जुन्या टायरचे चार तुकडे चार कोपऱ्यांना बोल्टने कसा. पेटी जमिनीपासून दोन बोटे उचलली गेली की खालून वारा खेळतो. एवढ्या एका कामाने बुडाचे आयुष्य वाढते.

नवी घ्यायची तर

प्लॅस्टिकची पेटी हलकी आणि न गंजणारी. ठिबकचे जोड, वायसर, फ्यूजतार, टेप यांना ती उत्तम. पण उन्हात राहिली की ठिसूळ होते आणि हातोडी-पाइप पान्याच्या वजनाने तिची कडी आधी तुटते. जड अवजारांना पत्र्याचीच पेटी हवी. कप्पे उघडणारी घेतलीत तर सांध्यांना महिन्याला तेलाचा थेंब द्या. नुसते पाने-पक्कड न्यायचे असतील तर चांभाराकडून जाड कॅनव्हासची, खणाखणांची गुंडाळी शिवून घ्या. सायकलला, मोटारसायकलला सहज बांधता येते.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. औषधाचे रिकामे डबे, कॅन कापून त्यांची पेटी किंवा ठिगळ करणे. धुतले तरी औषधाचा अंश राहतो आणि तोच हात तंबाखूला, भाकरीला लागतो. रिकामी वेष्टने पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ती उघड्यावर टाकू नयेत, असे कीटकनाशक नियम, १९७१ मध्येच आहे. तसेच पेट्रोल-डिझेलचा रिकामा डबा वेल्डिंगला नेऊ नका. आत वाफ राहिलेली असते आणि ठिणगी लागताच स्फोट होतो.

पेटीत काय हवे, काय नको

पेटीत खत, मोरचूद, औषध, बिडी-काडी आणि शिदोरी नको. काम झाल्यावर प्रत्येक पाना पुसून, तेलकट फडके फिरवून ठेवावा. टेस्टर आणि रबरी मुठीची पक्कड कोरड्या कप्प्यात, वेगळी. मुठीचे रबर चिरले असेल तर ती पक्कड विजेच्या कामाला वापरू नये. पत्र्याची पेटी स्टार्टरवर किंवा उघड्या वायरींजवळ ठेवू नये. मेन स्विच पाडून, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवल्याशिवाय मोटारीला हात लावू नये. टेस्टर पेटीत सापडत नाही म्हणून ‘लाईट गेली असंल’ अशा अंदाजावर हात घालणे जिवावर बेतते. पेटी नीटनेटकी असण्याचा खरा फायदा इथे आहे.

झाकणाच्या आतल्या अंगाला ऑइलपेंटने यादी लिहा. दुहेरी पाने ६-७ पासून २०-२२ पर्यंत आठ, पाइप पाना एक, पक्कड एक, पेचकस दोन, असे नगासकट. पेटी बंद करताना यादीवरून एक नजर फिरवायची. जो नग कमी असेल तो तिथेच, विहिरीच्या काठावर शोधायचा. घरी आल्यावर शोधून उपयोग नाही. कोणी मागून नेला तर खडूने त्याच्यापुढे नाव लिहायचे. यात कोणाला राग येण्याचे कारण नाही.

तपासणीला वर्षातले दोन दिवस पुरेत. एक मृगाच्या आधी, दुसरा खंडेनवमीला. खंडेनवमीला आपण नांगर, विळे, पाने मांडून हळदकुंकू वाहतो. यंदा पूजेच्या आधी पेटी पालथी घाला आणि बुडावर टोचा फिरवा. हळदकुंकू त्यानंतर. पुढे गव्हाचे पहिले पाणी आहेच.