रात्रपाळीचीं मुलें
न्यूयॉर्कास सकाळचे ९ वाजतात तेव्हां आमच्या महाळुंग्यास उन्हाळ्यांत सायंकाळचे साडेसहा, हिवाळ्यांत साडेसात झालेले असतात. परदेशीय ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कॉल सेंटरमधील तरुण-तरुणी याच घड्याळावर जगतात. दहा वाजेतों निजणाऱ्या सुनेस आळशी म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं. अपरिचिताचा राग रात्रभर शांतपणें सोसणें ही सामान्य विद्या नव्हे! खरी चिंता वाटेची. १ नोव्हेंबर २००७ रोजीं रात्रपाळीस निघालेल्या अशाच एका तरुणीचा पुण्याजवळ गाडीच्या चालकानेंच साथीदारासह खून केला. पुढें २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानें रात्रीं साडेनऊनंतर स्त्रीस कामावर ठेवावयाचें तर तिची संमति, संरक्षण आणि घराच्या दारापर्यंत वाहन आवश्यक केलें. तें वाहन गल्लीच्या तोंडाशींच सोडून जात असेल, तर मुलीनें कार्यालयास लेखी कळवावें.