खोटे काही नाही, फक्त गाळलेले

फेब्रुवारी २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने 'वायफायवन' या टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रचालकाचे अधिकार काढून घेतले आणि त्याला हद्दपार केले. प्रचालक म्हणजे लेख हटवण्याचा, पाने कुलूपबंद करण्याचा आणि इतरांची खाती रोखण्याचा अधिकार असलेला सदस्य. हे अधिकार त्याला २०१० मध्ये बाकीच्या स्वयंसेवकांनीच विश्वासाने दिले होते. ठपका असा होता, की 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट' म्हणजे आयआयपीएम या संस्थेच्या पानावर त्याने वर्षानुवर्षे तिला सोयीचे फेरफार केले. वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन थेट आयआयएमशी स्पर्धा सांगणारी ही संस्था अनेकांना आठवत असेल. यूजीसी किंवा एआयसीटीईची मान्यता तिला नव्हती आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला एमबीए, बीबीए, बिझनेस स्कूल असे शब्द वापरायलाही मनाई केली. टोपणनावामागे नेमके कोण होते आणि त्याला कुणी पैसे देत होते का, हे जाहीरपणे कधीच सिद्ध झाले नाही. पण लक्षात ठेवण्याजोगी आहे ती पद्धत. टीका करणारा संदर्भ पुरेसा विश्वासार्ह नाही म्हणून काढायचा, कौतुकाचा मात्र ठेवायचा आणि प्रत्येक वेळी विकिपीडियाचाच एखादा नियम पुढे करायचा. एकेक फेरफार वेगळा काढून पाहिला तर त्यात आक्षेप घेण्यासारखे फारसे सापडत नाही. सगळे एका ओळीत मांडले की मगच त्यांची दिशा दिसते.

विकिपीडियावरच्या आत्मप्रसिद्धीबद्दल बोलताना आपण सहसा थापेबाजीचा विचार करतो. माझ्या मते तिथेच चुकते. हितसंबंध असलेला माणूस क्वचितच धडधडीत खोटे लिहितो, कारण त्याला त्याची गरजच पडत नाही. लग्नाच्या बायोडेटात पगार, शिक्षण, उंची सगळे खरे असते. मोडलेल्या साखरपुड्याचा उल्लेख तेवढा नसतो. २००६ च्या सुरुवातीला अमेरिकी काँग्रेसचे सदस्य मार्टी मीहन यांच्या कार्यालयाने त्यांच्यावरचा लेख बदलून आपण लिहिलेला परिचय तिथे टाकल्याचे उघड झाले. ठरावीक मुदतीनंतर पद सोडण्याचे वचन मीहन यांनी दिले होते आणि ते पाळले नव्हते; तेवढे वाक्य नव्या परिचयात नव्हते. पुढच्याच वर्षी व्हर्जिल ग्रिफिथ या विद्यार्थ्याने 'विकिस्कॅनर' नावाचे साधन तयार केले. खाते न उघडता केलेले फेरफार कोणत्या संस्थेच्या संगणकजाळ्यातून आले, हे त्यावर शोधता येई. मतदानयंत्रे बनवणाऱ्या डीबोल्ड कंपनीच्या जाळ्यातून त्या यंत्रांवरच्या टीकेचे परिच्छेद उडवले गेल्याचे त्यातूनच बाहेर आले. इथेही काही घुसवले नव्हते, उडवले होते. घुसवलेले खोटे संदर्भ तपासून पकडता येते. गाळलेले खरे पकडायचे तर आधी तिथे काय होते किंवा काय असायला हवे होते, हे ठाऊक असलेला कुणीतरी जागेवर लागतो. हितसंबंधांचा प्रश्न म्हणूनच सत्याइतकाच चिकाटीचा आहे. एका बाजूला नोकरीचा भाग म्हणून रोज ते पान पाहणारा माणूस असतो, दुसऱ्या बाजूला जेवणानंतर अर्धा तास मोकळा सापडलेला हौशी संपादक.

या चिकाटीला पैसा पुरवणारी कारणेही उघड आहेत. नाव शोधले की विकिपीडियाचे पान वर येते आणि २०१२ पासून गूगल शोधाच्या बाजूला जी माहितीची चौकट दाखवते तिच्यातही हाच मजकूर वापरला जातो. सुरुवातीच्या काळात तर लेखाखाली आपल्या संकेतस्थळाचा दुवा चिकटवला की शोधयंत्रात आपले स्थान सुधारेल, अशी आशा असे. २००७ च्या जानेवारीत विकिपीडियाने बाहेरच्या दुव्यांना शोधयंत्रांनी महत्त्व देऊ नये अशी खूण जोडली आणि तो मार्ग बंद केला. धंदा मात्र थांबला नाही. २०१३ मध्ये 'विकी-पीआर' या कंपनीशी जोडलेली अडीचशेहून अधिक खाती बंद झाली. ऑगस्ट २०१५ मध्ये 'ऑरेंजमूडी' या नावाने ओळखले जाणारे प्रकरण बाहेर आले, तेव्हा ३८१ खाती रोखली गेली आणि २१० लेख हटवले गेले. यातली रीत खंडणीच्या जवळ जाणारी होती. एखाद्या लहान व्यावसायिकाने किंवा कलावंताने स्वतःबद्दल पाठवलेला मसुदा विकिपीडियाने नाकारला, की टोळीतला कुणीतरी त्याच्याशी संपर्क साधे, पैसे घेऊन लेख प्रसिद्ध करून देई आणि पुढे तो लेख 'सुरक्षित' राहावा म्हणून दरमहा रक्कम मागे. सगळा व्यवहार फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा. विकिपीडियावर लेख असणे ही काही प्रतिष्ठेची पदवी नाही, ही साधी गोष्ट ठाऊक नसलेले लोक त्यात सापडले.

इथे एक आक्षेप हटकून येतो आणि तो गंभीर आहे: स्वतःबद्दल स्वतःइतके कुणाला ठाऊक असते? २०१२ मध्ये कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी 'न्यू यॉर्कर'मधून विकिपीडियाला जाहीर पत्र लिहिले. 'द ह्यूमन स्टेन' ही कादंबरी कुणाच्या आयुष्यावरून सुचली, याबद्दल लेखात चुकीचे विधान होते, ते दुरुस्त करायला सांगितले तर दुय्यम संदर्भ मागितला गेला. पुस्तक ज्याने लिहिले त्याच्याकडे पुस्तकाबद्दल पुरावा मागायचा, हे ऐकायला हास्यास्पद वाटते. त्याहून वाईट प्रसंग जॉन सिगेनथॉलर या पत्रकाराचा. २००५ मध्ये कुणीतरी त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्येशी जोडणारा खोटा मजकूर लिहिला आणि तो महिनोन्‌महिने तसाच राहिला. अशा माणसाने स्वतःचे पान दुरुस्त करायचे नाही तर काय करायचे? उत्तर असे, की त्याला बोलायची बंदी नाही; उघड बदनामी सोडली तर स्वतःच्या हाताने पुसू नये, एवढीच अपेक्षा आहे. प्रत्येक लेखाला चर्चा पान असते. तिथे आपली ओळख सांगून चूक दाखवता येते, बदल मागता येतो आणि तो बदल करायचा की नाही हे तिसरा कुणी ठरवतो. रॉथ यांचे पत्र छापून आल्यावर तेच संदर्भ म्हणून वापरता आले. माहिती त्यांचीच होती, पण आता ती कुणी सांगितली हे वाचकाला दिसत होते. मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते. विकिपीडियाच्या लेखाला असा एक धनी नसल्यामुळे त्या नावाचे काम संदर्भाला आणि चर्चा पानाला करावे लागते.

दुसरा आक्षेप असा, की पैसे न घेणारे स्वयंसेवक तरी कुठे तटस्थ असतात? चाहते असतात, कार्यकर्ते असतात, जातीचा आणि प्रांताचा अभिमान असतो. खुद्द जिमी वेल्स यांनी २००५ मध्ये स्वतःवरच्या लेखात, लॅरी सँगर यांच्या सहसंस्थापकपणाचा उल्लेख असलेला मजकूर बदलला आणि ते उघड झाल्यावर खेद व्यक्त केला. संस्थापकालाच मोह आवरला नाही, तिथे इतरांचे काय? हे सगळे मान्य आहे. पण चाहत्याला विरोधक भेटतो, दोघे चर्चा पानावर हमरीतुमरीवर येतात आणि त्या रणधुमाळीतून निदान दोन्ही बाजू कळतात. पगारी संपादकाला भांडण नकोच असते. कुणाच्या नजरेत न येणे यातच त्याचे यश असते. म्हणूनच २०१४ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने वापराच्या अटी बदलल्या तेव्हा पैसे घेऊन लिहिण्यावर सरसकट बंदी घातली नाही. कोणाकडून, कोणासाठी, कशाकरिता पैसे मिळतात ते जाहीर करा, एवढेच बंधनकारक केले. पूर्ण बंदीने लोक आणखी लपले असते, हा युक्तिवाद मला पटतो. मात्र जाहीर करण्याच्या नियमालाही एक मर्यादा आहे. केलेली नोंद कुणी वाचली तरच तिचा उपयोग.

शिवाय या सगळ्या प्रचारकांचा भुर्दंड भलत्यांनाच बसतो. जाहिरातींच्या भडिमारामुळे नव्या लेखाकडे संशयाने पाहण्याची सवय लागते आणि स्वतःचा गाजावाजा न करणारी माणसे चाळणीत अडकतात. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये, त्यांची उल्लेखनीयता संदर्भांतून दिसत नाही म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळाले. नाकारणारा सदस्य नियमाला धरूनच वागला होता.

मराठीत हा प्रश्न आणखी अवघड आहे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, आज त्यावर लाखाच्या आसपास लेख आहेत, पण ते सांभाळणारे हात फार थोडे. इंग्रजीत एखाद्या मोठ्या कंपनीच्या पानावर बदल झाला तर तो टिपणारे कुणी ना कुणी असते. आपल्याकडे तालुक्याच्या नेत्याचे, शिक्षणसम्राटाचे किंवा पुरस्कारांची लांबलचक यादी लावलेल्या कवीचे पान पुष्कळ जण वाचतात आणि कुणीही राखत नाही. त्यात संदर्भ मागावा तर तोही विकत मिळू शकतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या परस्परांच्या स्पर्धक वृत्तपत्रांत एकाच उमेदवाराचे कौतुक शब्दशः सारखे छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी गेला आणि प्रेस कौन्सिलला त्यावर उपसमिती नेमावी लागली. विकिपीडियाच्या निकषांवर ती कात्रणे वरवर पाहता उत्तम संदर्भ ठरतात: नामांकित दैनिक, तारीख, पान क्रमांक. तेव्हा संदर्भांची संख्या मोजून समाधान मानण्यात अर्थ नाही. पानाच्या वर 'इतिहास' असे लिहिलेले असते, तिथे जाऊन कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवता येतात. एकाच पानापुरते जन्मलेले एखादे खाते 'भाषा सुधारली' असा शेरा मारून दोन परिच्छेद घेऊन गेलेले असेल, तर ते तिथे दिसते. ते परिच्छेद परत आणण्याची मुभा वाचकालाही आहे आणि बहुतेक पानांवर त्यासाठी खाते उघडावे लागत नाही.