दाण्याएवढी गाठ आणि डोंगराएवढी धास्ती

डोकं दुखतं म्हणून, चक्कर येते म्हणून किंवा गाडीवरून पडल्यामुळे सांगोल्याचा माणूस सोलापूर-मिरजेला जाऊन मेंदूचा एमआरआय काढतो. दुखण्याचं कारण त्यात दिसत नाही, पण रिपोर्टात 'पिट्युटरी मायक्रोअ‍ॅडिनोमा' अशी ओळ निघते आणि घरात जेवणं थांबतात. पिट्युटरी म्हणजे पियुषिका, ही नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली हरभऱ्याएवढी ग्रंथी. शवविच्छेदनांत साधारण दहातल्या एका माणसात तिच्यात गाठ सापडते. १९९४ साली अमेरिकेत १०० निरोगी स्वयंसेवकांचे एमआरआय काढले, तेव्हाही प्रमाण तेवढंच निघालं. अशा बहुतेक गाठी १० मिलिमीटरच्या आत, म्हणजे डाळिंबाच्या मोठ्या दाण्यापेक्षाही लहान असतात आणि त्यांत कॅन्सर अत्यंत विरळा. म्हणून आधी पाहायचं ते गाठ काय करते आहे हे, आणि ते बरंचसं रक्तातून कळतं.

प्रोलॅक्टिन, वाढीच्या हार्मोनसाठी आयजीएफ-१, थायरॉईड आणि लक्षणं असतील तर कॉर्टिसॉल, एवढ्या तपासण्या एकदा नीट व्हायला हव्यात. त्यांतही प्रोलॅक्टिन फसवं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते वाढतंच, पण पित्ताच्या गोळ्यांत सर्रास असणाऱ्या डॉम्पेरिडोननेही वाढतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची पिशवीच सोबत न्यावी. थायरॉईड फार कमी असेल तर ग्रंथी स्वतःच फुगते आणि गोळ्या सुरू झाल्यावर ओसरते. तिला गाठ समजून शस्त्रक्रिया करणं हा अनर्थ होईल. खरोखर प्रोलॅक्टिन बनवणारी गाठसुद्धा बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते.

कोणी म्हणेल, आता नाकातून दुर्बिणीने काढतात, मग डोक्यात गाठ ठेवायची कशाला? पण या शस्त्रक्रियेत निरोगी ग्रंथीला इजा झाली, तर हार्मोन्सची औषधं जन्मभर घ्यावी लागू शकतात. आणि लहान गाठींपैकी साधारण दहातली एकच पुढे वाढते. उलट, निरुपद्रवी म्हणून विसरून जाणंही चूक. दहा मिलिमीटरच्या वरच्या गाठींपैकी सुमारे पाव वाढतात. त्यांचा दृष्टीच्या नसांवर दाब आला, तर रस्त्यात बाजूने येणारी गाडी दिसेनाशी होते. नजर अशी कमी होत असेल, किंवा अचानक असह्य डोकेदुखीबरोबर एकाचे दोन दिसू लागले, तर मात्र दिवस घालवू नये. एरवी लहान गाठीचा एमआरआय वर्षाने, मोठीचा सहा महिन्यांनी पुन्हा काढायचा. पहिल्या एमआरआयची सीडी तोवर जपून ठेवावी. गाठ वाढली की नाही, हे तिच्याशीच ताडून पाहायचं असतं.