"तेव्हाच का नाही सांगितलं?"

आजचा विषय बाल लैंगिक शोषणाचा आहे. कसलंही वर्णन करणार नाहीये, पण ऐकताना किंवा वाचताना जड गेलं तर खुशाल थांबा. नंतर या, किंवा हा भाग सोडून द्या. काही बिघडत नाही.

अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास येतो. वीस वर्षांनी बोलतेय? तेव्हाच का नाही सांगितलं? विचारणारा दर वेळी वाईट हेतूनेच विचारतो असं मला वाटत नाही. त्याला खरंच कळत नसतं. म्हणून आज तेवढंच बोलूया.

आधी एक आकडा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यं, १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं की आपल्यासोबत कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झालंय. त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच होतं. साधारण निम्म्या प्रकरणांत करणारा माणूस मुलाच्या ओळखीचा, विश्वासाचा होता. आणि बहुतेकांनी तोवर कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

ओळखीचा म्हणजे कोण? काका, मामा, आतेभाऊ, क्लासचे सर, शेजारचे आजोबा, रिक्षावाले दादा. असा माणूस आधी मुलाचा विश्वास कमावतो असं आपण समजतो. खरं तर तो आधी घराचा विश्वास कमावतो. आईला बाजारातून सामान आणून देईल, बाबांना बँकेच्या कामात मदत करेल, पोराचं गणित फुकटात घेईल. मग पोराशी एखादं छोटंसं गुपित. "चॉकलेट दिलं ते आईला सांगू नको हां, ओरडेल." मूल सांगत नाही. झालं, आता ते त्याच्या बाजूने खोटं बोललेलं आहे. पुढे जे होतं त्यात आपणही सामील आहोत असं मुलाला वाटायला लागतं, ते इथून. याला 'ग्रूमिंग' म्हणतात. मराठीत यासाठी धड शब्दच नाही.

शब्दांचंच बघा ना. शरीराच्या त्या भागांना आपण घरात काय म्हणतो? 'शी', 'शेम शेम', नाहीतर काहीच नाही. ज्याला नावच नाही त्याची तक्रार सात वर्षांच्या मुलाने करायची कशी? मग ते त्याच्या भाषेत सांगतं. "मला क्लासला नाही जायचं." "पोटात दुखतंय." "ते काका मला आवडत नाहीत." आणि आपण म्हणतो, आळशीपणा करू नको, मोठ्यांबद्दल असं बोलतात का, जा, काकांना पापी दे. म्हणजे खूपदा मुलाने सांगितलेलं असतं, ऐकलेलं नसतं.

दुसरं, मूल हिशेब करतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा पक्का. सांगितलं तर बाबा त्याला मारतील, बाबांना पोलीस नेतील, आई रडेल, आजीला धक्का बसेल, आत्याचा संसार मोडेल. हे सगळं माझ्यामुळे. त्यापेक्षा आपण गप्प बसू. बाहेरून हे भित्रेपण दिसतं. आतून ते मूल अख्खं घर सांभाळत असतं.

आणि शरम. शरीर स्पर्शाला आपोआप प्रतिसाद देतं. नको असताना गुदगुल्या केल्या तरी हसू येतं, तसंच. पण मुलाला वाटतं, म्हणजे मलाही हवं होतं की काय. हा एक गैरसमज माणसाला चाळिशीपर्यंत गप्प ठेवू शकतो. मुलग्यांचं तर आणखी अवघड. "पोरगा असून?" हे ऐकावं लागेल या भीतीनेच तोंड उघडत नाही. आठव्या वर्षी काय झालं हे कळायलाच कधी कधी पंधरावं वर्ष उजाडतं. कधी स्वतःचं मूल त्या वयाचं होतं तेव्हा कळतं.

आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. १९९५ मध्ये डंकन ग्रँट नावाच्या ब्रिटिश माणसाने 'अँकरेज' ही निवारागृहं सुरू केली. कुलाब्यात, मुरुडला. फुटपाथवरची मुलं तिथे राहायची. जेवण, छप्पर, कपडे सगळं त्याच्या हातून. बाहेर त्याची ओळख गरीब पोरांचा तारणहार अशी. आता तक्रार करायची म्हणजे पुन्हा फुटपाथ, आणि साहेबासमोर या पोरांचं ऐकणार कोण? प्रकरण २००१ मध्ये बाहेर आलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, मुलांच्या साक्षीवर विश्वास बसला नाही. शेवटी मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं म्हणणं ग्राह्य धरून शिक्षा कायम केली. दहा वर्षं. या काळात ती मुलं बाप्ये झाली. "लगेच का नाही सांगितलं" याचं एक उत्तर इथेच आहे: सांगितल्यावर काय होतं ते सगळ्यांना दिसत असतं.

तेव्हा मुलांसाठी वेगळा कायदाही नव्हता. पॉक्सो लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला. त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. कलम १९ प्रमाणे ज्याला अशी गोष्ट कळली त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा. पण कायदा कागदावर असून भागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेचं प्रकरण आठवा. दोन चिमुरड्यांनी घरी सांगितलं होतं, पालकांनी लगेच विश्वास ठेवला होता, तरी पोलीस ठाण्यात त्यांना तासन् तास ताटकळावं लागलं. शाळेने स्वतःहून कळवलं नाही म्हणून नंतर संचालकांवरही गुन्हा नोंदवला गेला. मला विचाराल तर आपल्याकडे मुलांपेक्षा संस्था जास्त गप्प बसतात, आणि त्यांना कुणी "तेव्हाच का नाही" विचारत नाही.

अजून एक. सांगितलेलं मूल कधी कधी शब्द मागे घेतं. "मी खोटं बोललो." रोलंड समिट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८३ मध्येच लिहिलं होतं की हे नेहमीचं आहे. सांगितल्यावर घर कोसळताना दिसतं, मग मूल ते सावरायला बघतं. तेव्हा नंतरचा नकार ऐकून लगेच सुटकेचा श्वास सोडू नका.

आणि ज्यांचं आधीच घडून गेलंय त्यांच्यासाठी: पॉक्सोमध्ये तक्रारीला मुदत नाही, केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. मोठे झाल्यावरही तक्रार करता येते. घटना नोव्हेंबर २०१२ च्या आधीची असेल तर पॉक्सो नाही, तेव्हाची भारतीय दंड संहितेची कलमं लागतात. अशा वेळी आधी वकिलाशी बोला.

समजा उद्या तुमच्या लहान बहिणीने, भाच्याने काही सांगितलं. "नक्की ना?" असं विचारू नका. "कधी, कुठे, किती वेळा" अशी उलटतपासणीही नको. "बरं केलंस सांगितलंस, तुझी काही चूक नाही" एवढं म्हणा, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, दिवसरात्र चालू, फुकट. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. पुढच्या भागात पॉक्सो कोर्टात मुलाची साक्ष कशी घेतात ते बघू.